डब्यातलं ऊन

कुंडीतलं पीक एकदम येतं आणि एकदम संपतं. मग ते वर्षभर पुरवायचं कसं? उत्तर आईकडे होतं. मी विचारायला जरा उशीर केला.

आमच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या वरच्या कप्प्यात एक स्टीलचा डबा आहे. झाकणावर खिळ्याने टोचून माझ्या वडिलांचं नाव लिहिलेलं. दर वर्षी जूनमध्ये हा डबा बार्शीहून भरून यायचा. वर सांडगी मिरची, तिच्या खाली गवारीच्या वाळवलेल्या शेंगा, कारल्याच्या चकत्या आणि तळाला फडक्यात बांधलेली हरभऱ्याची वाळकी भाजी. एसटीतून, ओळखीच्या माणसाबरोबर, कधी कुरिअरने. डबा आला की पुढचे आठ-दहा महिने आमची सोय. ऑफिसमधून रात्री साडेनऊला घरी पोचायचं, कुकर लावायचा, दहीभात कालवायचा आणि दोन मिरच्या तळून वर कुस्करायच्या. बायको आणि मी दोघंही आयटीत. आमच्याकडे 'काय करायचं जेवायला?' या प्रश्नाचं हे ठरलेलं उत्तर होतं.

२०२५ च्या फेब्रुवारीत एका रात्री डब्यात हात घातला तर हाताला फक्त मसाल्याचा चुरा लागला. मी लगेच फोन लावला. ''आई, या वर्षीचा डबा जरा मोठा पाठव हं.''

पलीकडे क्षणभर शांतता. मग ती म्हणाली, ''अरे, मागच्या उन्हाळ्यातच नाही पाठवला. तू खातोयस तो त्याच्या आधीचा.''

गुडघ्यांमुळे तिला माळवदावर चढता येत नव्हतं. बार्शीच्या आमच्या जुन्या घराचा जिना उभा, दगडी आणि कठड्याशिवायचा. वर्षभर ती वर गेलीच नव्हती. आणि मला, आठवड्यातून दोनदा फोन करणाऱ्या मुलाला, हे माहीतच नव्हतं. 'कशी आहेस?', 'बरी आहे', 'गोळ्या घेतेस ना?', 'घेते' या चार वाक्यांत माळवदाचा विषय कधी आलाच नाही.

त्या रात्री मी बायकोला म्हटलं, ''आपणच करूया या वर्षी वाळवण.'' तिने लॅपटॉपवरून मान वर केली. ''आपण म्हणजे कोण? तू करणार असशील तर कर. मी खाईन.''

ठरलं. मीच करणार होतो.

टेरेस होतीच

सुरुवात अगदी शून्यातून नव्हती. आमचा फ्लॅट सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे, त्याला लागून छोटीशी टेरेस. लॉकडाऊनमध्ये इतरांनी ब्रेड भाजायला घेतला, मी कुंड्या घेतल्या. स्वयंपाकघरातला ओला कचरा, वाळका पालापाचोळा आणि थोडी माती एवढ्यावर भाजी पिकवता येते हे तेव्हा वाचलं होतं. महाराष्ट्रात हा विचार काही नवा नाही. 'प्रयोग परिवार'चे श्री. अ. दाभोलकर यांनी सूर्यप्रकाश आणि पालापाचोळा यांचा हिशोब मांडत थोड्या जागेत भरपूर पिकवण्याचं शास्त्र लोकांपुढे ठेवलं. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या सेंट्रल किचनच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ पासून कॅण्टीनच्या कचऱ्यातून बाग फुलवली. त्यापुढे माझ्या बारा ग्रो-बॅग्ज आणि फळवाल्याकडून आणलेले चार प्लॅस्टिकचे क्रेट म्हणजे किस झाड की पत्ती!

पण घरच्या बागेची एक गोची कुणी आधी सांगत नाही. दोन महिने काहीच नसतं आणि मग एका आठवड्यात सगळं. सहा झाडांना दीड किलो मिरच्या लागल्या. दोन माणसं दीड किलो मिरच्यांचं करणार काय? शेजारी वाटल्या, ऑफिसमध्ये नेल्या, तरी फ्रीजच्या ड्रॉवरमध्ये निम्म्या मऊ पडल्या. टोमॅटोचंही तेच. आपण पिकवलेलं आपल्याच हाताने कचऱ्यात टाकताना फार जीवावर येतं.

आई-आजीच्या पिढीला हे पक्कं ठाऊक होतं. ती उन्हाळी कामं म्हणजे हौस नव्हती. पीक एकदम येतं आणि भूक रोज लागते, या दोन्हींचा मेळ घालायची ती पद्धत होती. फ्रीज नव्हते तेव्हा ऊन होतं.

पहिला डाव पावसाचा

मे महिन्यात मी मिरचीला हात घातला. आईने फोनवरून कृती सांगितली, मी कागदावर उतरवून घेतली. अर्धा किलो जाड, पोपटी, कमी तिखट मिरच्या. धुऊन, पुसून, पूर्ण कोरड्या करायच्या. देठ ठेवायचं, मधोमध चीर द्यायची. चार चमचे धने, एक चमचा मेथीदाणे थोड्या तेलावर परतून, अर्धा चमचा हिंग, हळद, तीन चमचे मीठ, सगळं जाडसर कुटायचं. वाटीभर आंबट दह्यात कालवून मिरच्यांत भरायचं. रात्रभर झाकून ठेवायचं आणि सकाळी उन्हात. पाच-सहा दिवस, मिरची वाजेपर्यंत.

''वाजेपर्यंत म्हणजे?''

''हलवली की खुळखुळली पाहिजे.''

मी दोन मोठ्या ताटांत मिरच्या पसरल्या, वर बायकोची जुनी सुती ओढणी बांधली आणि ऑफिसला गेलो. पहिले दोन दिवस झक्कास. तिसऱ्या दिवशी दुपारी हिंजवडीच्या काचेतून पाहिलं तर आभाळ काळंभोर. मिटिंग चालू होती. उठून 'माझ्या मिरच्या भिजतायत' असं म्हणायची हिंमत झाली नाही. घरी पोचलो तेव्हा ताटांत दह्याचं पाणी आणि त्यावर तरंगणाऱ्या मिरच्या.

त्या मे महिन्यातला पाऊस तुम्हालाही आठवत असेल. २४ मे २०२५ ला मान्सून केरळात आला आणि २६ तारखेला मुंबईत. मुंबईत गेल्या ७५ वर्षांतलं हे सगळ्यात लवकरचं आगमन. आमच्या पुण्यात तर त्याच्या आधीपासूनच रोज संध्याकाळी सरी. मी हट्टाने मिरच्या पंख्याखाली वाळवायला ठेवल्या. चार दिवसांनी वरून छान सुकल्यासारख्या दिसल्या. खूश होऊन बरणी भरली. दहाव्या दिवशी झाकण उघडलं तर आत राखाडी बुरशीचा पिसारा.

सगळी बरणी टाकून दिली. फेब्रुवारीत लावलेल्या रोपांची चार महिन्यांची कमाई होती ती. आईला सांगायची लाज वाटली, तरी सांगितलं. मला वाटलं होतं ती 'असू दे' म्हणेल. ती म्हणाली, ''घरात कुणी नसताना वाळवण घालायचं नसतं. त्याच्यापाशी माणूस लागतो.''

हे वाक्य डोक्यात राहिलं. लहानपणी माळवदावर कुरडयांपाशी काठी घेऊन बसायचं काम माझ्याकडे असायचं. कावळे हाकलायचे आणि अधूनमधून ओला चीक खायचा. पण आभाळ आलं की धावत वर येणारी, संध्याकाळी सगळं आत नेणारी, पहाटे पुन्हा पसरणारी आणि वाळलेलं एकेक हातात घेऊन पाहणारी आई. ते सगळं मी 'आईचा डबा' एवढ्या दोन शब्दांत गुंडाळून टाकलं होतं.

वाळणं म्हणजे नेमकं काय?

आता इंजिनीअर माणूस चुकला की आधी वाचायला बसतो. बुरशी आणि जिवाणू यांना वाढायला मोकळं पाणी लागतं. पदार्थात त्यांना वापरता येईल असं पाणी किती उरलंय हे मोजायचं एक माप आहे, वॉटर ॲक्टिव्हिटी. शुद्ध पाण्याचं ते १. बहुतेक जिवाणू ०.९ च्या खाली वाढत नाहीत. बुरशी जास्त चिवट असते, ती त्याच्याही बरीच खाली तग धरते. ०.६ च्या खाली मात्र कुणाचीच वाढ होत नाही. मीठही हेच काम करतं, पाणी बांधून ठेवतं. म्हणून आईच्या कृतीत तीन चमचे मीठ होतं आणि मी 'हेल्दी' म्हणून दीडच घातलं होतं!

दुसरी चूक पंख्याखालच्या मिरचीची. साल आधी सुकते आणि आतला ओलावा आतच राहतो. वरून कोरडी दिसणारी मिरची बरणीत गेली की तो ओलावा हळूहळू बाहेर येतो आणि बुरशीची मेजवानी सुरू होते. 'खुळखुळली पाहिजे' ही आईची परीक्षा नेमकी यासाठीच होती. मिरचीचं बी आतून सुटं होऊन वाजतं, म्हणजे आतही कोरडं झालं. मीटर नको की काही नको.

तिसरी गोष्ट, सगळंच कडक उन्हात टाकायचं नसतं. पालेभाजी थेट उन्हात ठेवली तर हिरवा रंग उडतो, क जीवनसत्त्व आणि अ जीवनसत्त्व देणारं कॅरोटिन बरंचसं जातं, वास फिका होतो. पाला सावलीत, वाऱ्यावर वाळवायचा. मिरची, गवार, कारलं, टोमॅटो उन्हात. गवार आधी मिठाच्या उकळत्या पाण्यातून दोन-तीन मिनिटं काढली की रंग टिकतो आणि ती लवकर वाळते.

आणि हिशोब? टोमॅटोमध्ये साधारण ९४ टक्के पाणी. एक किलो टोमॅटोच्या फोडी उन्हात घातल्या तर हातात येतात जेमतेम ६५-७० ग्रॅम. मेथीत साधारण ८६ टक्के पाणी. तिच्या टोपलीभर पानांचा मूठभर चुरा होतो. पहिल्यांदा पाहिलं की फसवल्यासारखं वाटतं. पण तो मूठभर चुरा वरणात टाका, सगळ्या मजल्यांवर वास जातो.

हे ज्ञान आता मोठ्या प्रमाणावरही कामाला येतंय. एसफॉरएस टेक्नॉलॉजीज या आपल्याकडच्या कंपनीने शेतकरी स्त्रियांना सोलर ड्रायर दिले, त्यावर त्या बाजारात न खपणारा माल वाळवून विकतात. त्यासाठी कंपनीला २०२३ चा अर्थशॉट पुरस्कार मिळाला. आजीने माळवदावर केलं तेच, फक्त यंत्रावर आणि मोबदला घेऊन!

हरभऱ्याची गोष्ट

दिवाळी झाल्यावर मी आईला विचारलं, ''आता थंडीत काय वाळवता येईल?''

''हरभरा लाव की.''

किराणा दुकानातले देशी हरभरे रात्रभर भिजवले आणि चारही क्रेटमध्ये दाट पेरले. आठवड्यात कोंब आले, महिन्याभरात वीतभर रोपं. मग शेंडे खुडायचे. शेतातही हरभऱ्याचे शेंडे खुडतातच, त्याने झाडाला फांद्या फुटतात. म्हणजे भाजीही मिळते आणि झाडही भरतं. असा दुहेरी फायदा आमच्या कंपनीच्या कुठल्याच स्कीममध्ये नाही.

हरभऱ्याच्या पानांवर बारीक लव असते आणि तिच्यावर आंबट थेंब साचतात. तीच हरभऱ्याची आंब. पूर्वी पहाटे शेतात पांढरं फडकं फिरवून ती गोळा करायचे. भाजीची सगळी चव त्या आंबटपणात, म्हणून ही भाजी धूत नाहीत. आता बाजारातून आणलेली भाजी न धुता खायची म्हणजे धाडसच. तिच्यावर कोणतं औषध कधी फवारलंय कुणास ठाऊक! आणि वाळवल्यावर पाणी जातं, औषध जातंच असं नाही. इथे मला घरच्या बागेचा खरा अर्थ कळला. आपण पेरलं, आपण जाळी बांधली, काहीही फवारलं नाही, म्हणून आपण ते बिनधास्त वाळवू शकतो. वाळवायचं असेल त्याचा पूर्वेतिहास आपल्याला माहीत हवा.

या वेळी माणूसही होता. शनिवार-रविवार मी आणि बुधवारी, तिचा घरून कामाचा दिवस, म्हणून बायको. ''मी फक्त खाणार होते,'' असं पुटपुटत तिनेच हॉलच्या खिडकीपाशी जुनी सुती साडी अंथरून पाला पसरला. दिवसातून दोनदा वरखाली केला. डिसेंबरची कोरडी हवा, पाच दिवसांत पानं चुरचुरीत. तीन खुडणीत ताजी भाजी निघाली ६०० ग्रॅम, वाळून झाली दीडशे. या वेळी लगेच डबा भरला नाही. काचेच्या बरणीत ठेवून आठ दिवस रोज हलवून पाहिलं. काचेला आतून दव धरलं असतं तर पुन्हा वाऱ्यावर टाकली असती. दव धरलं नाही.

त्याच महिन्यात उरलेल्या झाडांची पाव किलो मिरचीही केली. पूर्ण मीठ घालून. सहाव्या दिवशी ताट हलवलं आणि अख्खं ताट खुळखुळलं! मी तो आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून आईला पाठवला. तिने उत्तरात अंगठा पाठवला. ती एरवी इमोजी वापरत नाही.

चुलीपाशी

वाळवलेल्याची मजा अशी की स्वयंपाकाचा निम्मा वेळ आधीच खर्च झालेला असतो. मेथीचा चुरा थालिपिठात, पिठल्यात, बटाट्याच्या रस्स्यात. एक मात्र सांगतो, आपल्या मेथीला वाळवल्यावर कसुरी मेथीचा हुबेहूब वास येत नाही, कारण कसुरी हा वेगळा वाण आहे. आताच्या पाकिस्तानातल्या कसूर शहरावरून त्याला नाव पडलं, आज ती राजस्थानात नागौरकडे भरपूर पिकते. आपली मेथी जरा कडवट, पण घरची.

वाळवलेल्या टोमॅटोच्या दोन-चार फोडी शेंगदाणे, लसूण आणि तिखटाबरोबर कुटून पाहा. सोलापुरी शेंगाचटणीला आंबट बहीण मिळते. गवार तळून मीठ भुरभुरली की चिप्स विसराल.

आणि हरभऱ्याची भाजी अशी: तेलात भरपूर ठेचलेला लसूण, दोन लाल मिरच्या. त्यात मूठभर शिजवलेली तूरडाळ आणि शेंगदाणे, वर पाणी. उकळी आली की दोन मुठी वाळकी भाजी हाताने चोळून टाकायची. मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं शिजू द्यायची, मग चमचाभर ज्वारीचं पीठ पाण्यात कालवून लावायचं आणि रवीने घोटायचं. मीठ शेवटी, चव बघून. बरोबर भाकरी आणि कांदा.

डबा परत गेला

संक्रांतीला आम्ही बार्शीला गेलो. स्टीलचा डबा बरोबर नेला, वडिलांचं नाव टोचलेला तोच. या वेळी भरून नेला.

आईने झाकण उघडलं, वास घेतला, चिमूटभर पाला जिभेवर ठेवला. आम्ही दोघं परीक्षेच्या निकालासारखे उभे. ती म्हणाली, ''आंब आहे. पण देठं काढायची होतीस, घशाला लागतात.'' मग मिरची तळायला घेतली. त्याबद्दल काही बोलली नाही, पण भाताबरोबर दोन खाल्ल्या.

जेवणं झाल्यावर तिने विचारलं, ''ते तुमचे क्रेट केवढाले असतात?''

मी हाताने माप दाखवलं. ती अंगणाकडे बघत होती. तिथे ऊन येतं, पायरी एकच आहे आणि कोपऱ्यात वडिलांची बाज तशीच पडलेली. दुसऱ्या दिवशी मी मंडईतून तीन क्रेट आणले, जुन्या लाकडी बाकावर कंबरेच्या उंचीला मांडले, म्हणजे तिला वाकायला नको. बाजेवर सुती साडी ताणून बांधली. माळवद नाही तर अंगण! इतकी सोपी गोष्ट गेली दोन वर्षं कुणाच्या डोक्यात आली नव्हती. खरं सांगायचं तर कुणी विचारलंच नव्हतं.

गुडघे काही बरे झाले नाहीत. ती पुण्याला राहायलाही येणार नाही, ते मला माहीत आहे. पण आमचे फोन आता चार वाक्यांत संपत नाहीत. ''तुझ्याकडे आभाळ आहे का?'' असं ती विचारते आणि मी ऑफिसच्या काचेतून खरोखर वर बघून सांगतो.

तुम्ही टेरेसवाले नसाल तरी चालेल. खिडकीत मेथीचा एक ट्रे पुरतो. कृती कुठेही मिळेल. पण घरात कुणाला येत असेल तर आधी त्यांना फोन लावा. मिठाचा अंदाज विचारायच्या निमित्ताने बाकीचंही कळतं.

करून बघायचंय? मग हे लक्षात ठेवा

• पाला सावलीत, फळभाज्या उन्हात. वरून पातळ सुती कापड किंवा जाळी बांधा. कबुतरांपासून सुटका नाही.

• चकत्या एकसारख्या जाडीच्या कापा. जाड-बारीक असतील तर निम्म्या करपतात, निम्म्या ओल्या राहतात.

• संध्याकाळी सगळं घरात घ्या, नाहीतर दिवसा गेलेला ओलावा रात्रीत परत येतो.

• मिरची खुळखुळली पाहिजे, पाला चुरला पाहिजे, टोमॅटो चामड्यासारखा आणि दाबल्यावर अजिबात रस न सुटणारा हवा.

• पूर्ण गार झाल्यावरच बरणी भरा. पहिले आठ दिवस रोज हलवून पाहा. काचेवर दव दिसलं तर पुन्हा वाळवा. बुरशी दिसली तर वरचं काढून खालचं ठेवू नका, सगळं टाका.

• घरी वाळवलेले टोमॅटो लसणीबरोबर तेलात बुडवून बाहेर ठेवू नका. तेलाखाली हवा नसते आणि तिथे विषारी जिवाणू वाढू शकतात. कोरडेच ठेवा.

• मिठात काटकसर करू नका. खाताना दोन मिरच्या कमी खा.